लाईट गेल्यावर घरात येणारी दुसरी वीज

जून लागला की वाचकांचे प्रश्न ठरलेले असतात. ‘इन्व्हर्टरवर फ्रिज चालेल का?’ ‘जनरेटर आणलाय, घराला कसा जोडू?’ ‘छतावर सोलर आहे, तरी लाईट गेली की अंधार का होतो?’ ‘इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी सारखं पडतंय, काढून टाकू का?’ प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण मूळ एकच आहे. इन्व्हर्टर कुठला घ्यावा यावर आपण आठवडाभर चौकशी करतो. तो घराच्या वायरिंगला नेमका कुठं आणि कसा जोडला गेला, हे मात्र कुणी पाहत नाही. महावितरणची वीज आणि तुमची स्वतःची वीज यांची एका तारेवर गाठ पडता कामा नये. सगळे नियम या एका गोष्टीसाठी आहेत.

कोल्हापुरात ही गोष्ट जास्त जिव्हाळ्याची आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. अशा वेळी पाणी रोहित्रांपर्यंत आणि मीटरपर्यंत पोचण्याआधी महावितरण स्वतःहून पुरवठा बंद करते. खालचा मजला पाण्यात, वरच्या मजल्यावर माणसं, अख्खी गल्ली अंधारात. मग कुणाचा इन्व्हर्टर चालू असतो, कुणी भाड्यानं जनरेटर आणतो. त्याच गल्लीत महावितरणचा जनमित्र, म्हणजे लाईनमन, गुडघाभर पाण्यात उभा राहून, लाईन बंद आहे या भरवशावर तारेला हात घालत असतो.

२०२१ च्या पुरानंतर एका ओळखीच्या घरी साफसफाई चालली होती, तिथं गेलो होतो. टेबलावर एक केबल गुंडाळून ठेवलेली दिसली. दोन्ही टोकांना पिनटॉप, एका पिनटॉपला काळी टेप. कशाला म्हणून विचारलं. ‘एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं हॉलच्या सॉकेटमध्ये. घरभर लाईट येते. मेन बंद करायचा, बस्स.’ मी जिन्याखाली जाऊन मेन पाहिला. तो चालूच होता. गडबडीत कुणीतरी वर केला असावा. जनरेटरमधलं पेट्रोल संपलं होतं, म्हणून त्या दिवशी काही घडलं नाही. ती केबल तिथंच कापली.

अशी केबल तुमच्या घरात असेल तर तुम्हीही कापा. तिच्यात दोन धोके आहेत. सॉकेटमधून निघालेल्या टोकाच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. एखाद्या पोराचा हात लागला तर संपलं. दुसरा धोका घराबाहेरचा. रस्त्यावरचं रोहित्र ११,००० व्होल्टची वीज उतरवून आपल्याला देतं, पण ते उलटही चालतं. तुमच्या जनरेटरचे २३० व्होल्ट मागच्या दारानं रोहित्रात शिरले, तर पलीकडच्या तारेवर हजारो व्होल्ट उभे राहतात. यालाच उलटा पुरवठा म्हणतात, आणि चेंजओव्हर स्विच तो रोखण्यासाठीच असतो.

आधी ठरवा, काय चालवायचं आहे?

लोक इन्व्हर्टर आणतात आणि मग यादी करतात. उलटं करा. घरातल्या वस्तूंचे ढोबळ वॅट असे:

- एलईडी ट्यूब सुमारे २०, वायफायचा राउटर सुमारे १०
- जुना छताचा पंखा ७५, नवा बीएलडीसी पंखा साधारण ३०
- फ्रिज चालताना १०० ते २००, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट
- मिक्सर ५०० ते ७५०, इस्त्री १०००
- एक एचपीची पाण्याची मोटर किंवा घरघंटी चालताना १००० च्या आसपास, सुरू होताना अनेक पट
- गीझर २००० ते ३०००, इंडक्शन शेगडी १५०० ते २०००

आता हिशेब. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर म्हणजे ९०० वॅट नव्हे, साधारण ७०० वॅट. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. प्रत्यक्षात १२०० च्या आसपास हाती लागतात, आणि बॅटरी जुनी झाली की तेही नाहीत. तीन जुने पंखे, चार ट्यूब आणि राउटर मिळून ३१५ वॅट होतात, म्हणजे पावणेचार तास. तेच तीन पंखे बीएलडीसी असतील तर १८० वॅट, आणि साडेसहा तास. मोठी बॅटरी घ्यायला निघालेल्या घराला मी आधी पंखे बदलायला सांगतो.

गीझर, इस्त्री, शेगडी, मोटर, घरघंटी यांच्या तारा इन्व्हर्टरच्या लाईनवर येऊच देऊ नका. ‘आम्ही लाईट गेल्यावर लावतच नाही’ हे उत्तर पुरत नाही. पाहुणे येतात, मुलं बटणं दाबतात. फ्रिज चालवायचाच असेल तर शुद्ध साइन वेव्हचा, पुरेशा क्षमतेचा इन्व्हर्टर घ्या आणि फ्रिजला स्वतंत्र लाईन द्या. घरात कुणाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असेल तर तो साधारण ३०० ते ४०० वॅट घेतो आणि थांबत नाही. अशा घरानं इन्व्हर्टरवर विसंबू नये, भरलेला सिलिंडर जवळ हवाच. आणि पाणी चढायला लागण्याआधी रुग्णाला हलवायचं कुठं, हे ठरलेलं असावं.

इन्व्हर्टर: प्लग लावला म्हणजे जोडणी झाली नाही

दुकानाचा माणूस येतो, इन्व्हर्टरचा प्लग जवळच्या सॉकेटमध्ये घालतो, बोर्डातून एक तार ओढतो आणि अर्ध्या तासात जातो. या अर्ध्या तासात होणाऱ्या चुका बघा.

पहिली चूक सॉकेटची. वीज असते तेव्हा इन्व्हर्टरच्या लाईनवरचा सगळा भार, वर बॅटरी चार्जिंगचा भार, त्या एकाच प्लगमधून जातो. ते सॉकेट सैल किंवा लहान असेल तर तापतं. इन्व्हर्टर जरा पुढं ओढा आणि मागचं सॉकेट बघा. कडा पिवळट किंवा काळी पडली असेल तर ते आजच बदला. इन्व्हर्टरला स्वतंत्र १६ अँपिअरचं सॉकेट हवं, त्याच्यामागं स्वतःचा एमसीबी आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच नको.

दुसरी चूक फेज आणि न्यूट्रल उलटे असण्याची. समोरून पाहताना, अर्थचं मोठं भोक वर असताना, फेज उजवीकडं असायला हवा. उलटा असेल तर इन्व्हर्टरमधून पुढं न्यूट्रल म्हणून जाणारी तार जिवंत असते. बटण बंद करूनही दिव्याच्या होल्डरमध्ये वीज राहते.

तिसरी चूक न्यूट्रलची, आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी हीच देते. इन्व्हर्टरवर घेतलेल्या पॉइंटचा फेज तेवढा वेगळा काढतात, न्यूट्रल मात्र घरभरच्या न्यूट्रलमध्ये तसाच मिसळलेला राहतो. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारं उपकरण, जाणारा आणि परतणारा प्रवाह ताडून पाहतं. गेलेली वीज दुसऱ्याच वाटेनं परतली की त्याला ती गळती वाटते आणि ते पडतं. त्यात आरसीसीबीचा काही दोष नाही. इन्व्हर्टरच्या सर्किटना वितरण पेटीत स्वतंत्र न्यूट्रल पट्टी द्यायची, हाच उपाय. आरसीसीबी काढून टाकणं किंवा त्याला बायपास करणं म्हणजे चोर आला की भुंकतो म्हणून कुत्र्याला हाकलणं.

चौथी गोष्ट फार थोड्या वायरमनना ठाऊक असते. लाईट गेल्यावर मेनजवळचं आरसीसीबी तुमच्या इन्व्हर्टरच्या भाराला राखेलच असं नाही, कारण वीज आता त्याच्या पुढून निघते. म्हणून इन्व्हर्टरच्या आउटपुटवर वेगळं ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. घरगुती जोडणीसाठी गळती संरक्षणाची हीच मर्यादा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत आहे. ते बसवल्यावर लाईट नसताना, म्हणजे इन्व्हर्टर बॅटरीवर चालू असताना, वायरमनकडून तपासून घ्या. त्याच्यावरचं ‘टेस्ट’ बटण आतलं यंत्र चालतंय एवढंच सांगतं, अर्थिंग चांगलं आहे की नाही हे सांगत नाही. अर्थिंगची मोजणी वेगळी करावी लागते.

बॅटरीबद्दल थोडक्यात. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. किती तरी घरांत बॅटरी देवघराच्या खाली, कपाटात बंद करून ठेवलेली असते आणि वर निरांजन तेवत असतं. तिला हवेशीर जागा द्या, दिवा-उदबत्तीपासून लांब ठेवा. पाणी डिस्टिल्डच घाला, खुणेपर्यंतच. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानात देऊन तिची किंमत बिलात वजा करून घ्या.

जनरेटर: चेंजओव्हर स्विचशिवाय नाहीच

जनरेटर वापरण्याचे दोनच योग्य मार्ग आहेत.

१. थेट उपकरणाला. जनरेटर बाहेर ठेवायचा, त्याच्या सॉकेटमधून चांगल्या जाडीच्या तीनतारी केबलनं थेट मोटर किंवा फ्रिज चालवायचा. घराच्या वायरिंगशी संबंधच येऊ द्यायचा नाही. पुरानंतर तळमजल्यातलं पाणी उपसण्यासाठी हाच मार्ग पुरेसा असतो.

२. चेंजओव्हर स्विचमधून. याचा दांडा तीन जागी थांबतो: मेन, बंद, जनरेटर. रचनाच अशी असते की एकाचे संपर्क सुटल्याशिवाय दुसऱ्याचे जुळत नाहीत. सिंगल फेजला दोन पोलचा आणि थ्री फेजला चार पोलचा घ्या, म्हणजे न्यूट्रलही बदलतो. दोन एमसीबी शेजारी लावून ‘एक पाडायचा मग दुसरा उचलायचा’ ही सोय चेंजओव्हर नव्हे. रात्री दोन वाजता, पावसात, घाबरलेल्या माणसाच्या आठवणीवर एखाद्या जनमित्राचा जीव टांगायचा नसतो. दोन एमसीबींमध्ये यांत्रिक अडसर असेल तरच ते चालतं.

जनरेटर गॅलरीत, जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस गुंगतो आणि उठतच नाही. तो मोकळ्यावर, खिडक्यांपासून लांब ठेवा, आणि त्याची बॉडी अर्थ करा.

अपार्टमेंटमध्ये लिफ्ट आणि बोअरच्या मोटरसाठी डिझेल जनित्र बसवत असाल तर ते ध्वनिरोधक आच्छादनासह असलं पाहिजे. आवाजाची मर्यादा एक मीटरवर ७५ डेसिबल आहे. सरकारनं ठरवलेल्या क्षमतेपुढच्या जनित्राला चालू करण्याआधी विद्युत निरीक्षकांची मंजुरी लागते. विकणारा ‘काही लागत नाही’ म्हणाला तरी सोसायटीनं निरीक्षकांच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि उत्तर फाइलला लावावं.

सोलर आहे, तरी अंधार का?

कारण तो तसाच बनवलेला आहे. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर ग्रिडची वीज गेली की स्वतःहून बंद पडतो. तो चालू राहिला असता तर तुमच्या छतावरची वीज बंद लाईनवर गेली असती आणि वर सांगितलेला उलटा पुरवठा झाला असता. हा बिघाड नाही. ‘किरकोळ बदल करून देतो, लाईट गेल्यावरही चालेल’ असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

लाईट गेल्यावरही सोलर हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. तो ग्रिडपासून स्वतःला तोडतो आणि ठरावीक सर्किटनाच वीज देतो. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती जोडणीला २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट वा पुढं कमाल ७८,००० रुपये अनुदान जाहीर झालं आहे. योजनेत अर्ज करण्याआधीच बॅटरीबद्दल पुरवठादाराशी बोला, आणि कोटेशनमध्ये इन्व्हर्टर कोणत्या प्रकारचा ते स्पष्ट लिहून घ्या. नंतर बदलायला खर्च वाढतो.

हे काम कुणाकडून करून घ्यायचं?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार (२०१० चे, आता २०२३ मध्ये नव्यानं आलेले) बल्ब, पंखा, फ्यूज, बटण अशा वस्तू बदलणं एवढंच घरमालक स्वतः करू शकतो. नवी लाईन ओढणं, वितरण पेटीत बदल, चेंजओव्हर बसवणं ही कामं राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच व्हायला हवीत. ‘आमचा नेहमीचा वायरमन आहे’ म्हणत असाल तर त्याच्याकडं परवाना आहे का, एवढं विचारा. चांगला वायरमन रागावत नाही, खिशातून काढून दाखवतो. काम झाल्यावर घ्यायचे कागद:

- परवाना क्रमांकासह सही केलेला टेस्ट रिपोर्ट, त्यात इन्सुलेशन आणि अर्थिंगचे आकडे
- कोणते पॉइंट इन्व्हर्टरवर आहेत याचा हातानं काढलेला का होईना, नकाशा
- पक्कं बिल आणि तारीख घातलेली वॉरंटी कार्डं

घराचा एकूण भार मंजूर भारापेक्षा वाढत असेल तर महावितरणकडं भारवाढीचा अर्ज करा. आणखी एक. पुराच्या दिवसांत शेजाऱ्याला आपल्या मीटरवरून तार टाकून देणं माणुसकीचं वाटतं, आणि त्यामागची भावना खरीच असते. पण वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार, मंजूर नसलेल्या जागेसाठी वीज वापरणं हा अनधिकृत वापर ठरतो. शिवाय ओल्या भिंतीवरून गेलेली ती तार दोन्ही घरांना धोक्याची. त्यापेक्षा शेजाऱ्यांचे फोन आणि चार्जिंगचे दिवे आपल्या घरी आणून चार्ज करून द्या.

पुराच्या पट्ट्यातली घरं

शाहूपुरी, कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, नागाळा पार्कचा काही भाग, आंबेवाडी, चिखली, आणि खाली शिरोळ तालुका. इथल्या घरांनी भिंतीवर २०१९ किंवा २०२१ ची पाण्याची खूण जपली असेल, तर इन्व्हर्टर, बॅटरी आणि वितरण पेटी तिच्या वर न्या. तळमजल्याची सर्किटं वरच्या मजल्यापासून वेगळी करून घ्या, म्हणजे खालचं सगळं बंद ठेवूनही वर दिवा लावता येतो. हा खर्च एकदाच होतो.

पाणी अंगणात आलं की मेन बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करा. मेन बंद केल्यावर घरातली वीज गेली असं आपण धरून चालतो, पण इन्व्हर्टर त्याच तारांमध्ये वीज सोडत असतो. पाण्यात उभं राहून मात्र कोणतंही बटण दाबू नका. उशीर झाला असेल तर महावितरणला १९१२ वर कळवा आणि लांब राहा.

पाणी उतरल्यावर घाई करू नका. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी आणि सॉकेट वाळवून वापरता येत नाहीत. ते वरून कोरडे दिसतात, पण आतल्या स्प्रिंगमध्ये गाळ बसलेला असतो. ते बदला. तारांचं इन्सुलेशन वायरमनकडून मेगरवर मोजून घ्या, ते किमान एक मेगाओहम असल्याशिवाय मेन उचलू नका. भिंती आठवडाभर ओल धरतात, त्यामुळं पहिल्या मोजणीत आकडा कमी आला तर चार दिवसांनी पुन्हा मोजा. बुडालेला इन्व्हर्टर स्वतः उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो.

तुमचे हक्क

- इन्व्हर्टर किंवा बॅटरी सांगितल्याप्रमाणे चालत नसेल, वॉरंटी नाकारली जात असेल, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नंतर कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता येतं. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. दुकान दुसऱ्या शहरातलं असलं तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडं तक्रार चालते.
- पुरवठा, मीटर किंवा बिलाबद्दलची तक्रार महावितरणनं सोडवली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. मंचाचा निकाल मान्य नसेल तर विद्युत लोकपाल. वकील लावायची सक्ती नाही. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा, मंचासमोर तोच कामाला येतो.
- शॉक लागून माणूस किंवा जनावर दगावलं वा जखमी झालं, तर महावितरणबरोबरच विद्युत निरीक्षकांनाही लेखी कळवा. वीज कायद्याच्या कलम १६१ खाली अशा अपघाताची चौकशी होते. चौकशी होईपर्यंत तारा आणि उपकरण जागेवरून हलवू नका. भरपाईचा सगळा मामला निरीक्षकांच्या अहवालावर उभा असतो.

येत्या रविवारी, पंधरा मिनिटं

दिवसाउजेडी, घरच्यांना सांगून, मेन बंद करा. इन्व्हर्टर चालू राहू द्या. आता घरभर फिरा आणि प्रत्येक बटण दाबून बघा. जे चालतं ते कागदावर लिहा. गीझर, मोटरचा स्टार्टर, स्वयंपाकघरातलं मोठं सॉकेट यांतलं काहीही चालू झालं, तर जोडणीत मिसळ आहे. मेन पुन्हा चालू करा आणि परवानाधारकाला बोलवा, स्वतः पेटी उघडू नका. यादी जमली तर ती स्वच्छ अक्षरात लिहून मेनशेजारी चिकटवा. तिच्या वर लाल पेननं एक ओळ घाला: ‘मेन बंद केला तरी या पॉइंटना वीज आहे. इन्व्हर्टरही बंद करा.’ उद्या तुमच्या घरी येणारा वायरमन, भाडेकरू किंवा धावत आलेला शेजारी तुमच्या इन्व्हर्टरबद्दल काही जाणत नसेल. त्याला ती ओळ दिसेल एवढ्या उंचीवर लावा.